जुनी बेस गिटार ऑनलाइन घेताना: अस्सल, कॉपी की जोडकाम, हे कोणत्या क्रमाने तपासावं

जुनी बेस गिटार ऑनलाइन बघताना बहुतेक जण सगळ्यात आधी सीरियल नंबर शोधतात. तो एखाद्या तक्त्यात बसला की साल ठरलं, आणि उरलेले फोटो मग त्या सालाला धरूनच पाहिले जातात. फसगत होते ती इथे. नंबर कोरलेली नेकप्लेट चार स्क्रू काढून दुसऱ्या गिटारवर बसवता येते आणि लोगोचं डिकॅल, म्हणजे चिकटवायची छाप, विकत मिळतं. पण लाकडातल्या खाचा, जुन्या स्क्रूंची भोकं, पॉटवरचा (आवाज-टोनच्या नॉबखालच्या विद्युत भागावरचा) शिक्का आणि सोल्डरचा रंग यांची नक्कल करायला वेळ आणि कसब लागतं. फसवणारा सहसा तिथपर्यंत जात नाही. म्हणून आधी बांधणी, मग आतलं काम, त्यानंतर नंबर आणि सगळ्यात शेवटी किंमत, हाच क्रम धरा. गिटार कितीही आवडली तरी तो मोडू नका.

## १. समोर काय असू शकतं, ते आधी ठरवा

जुन्या दिसणाऱ्या बेसच्या जाहिरातीमागे पाचपैकी एक वस्तू असते.

पहिली म्हणजे मूळ कंपनीची, त्या काळात बनलेली बेस. दुसरी, त्याच काळातली पण दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेली कॉपी. सत्तरच्या दशकातल्या इबानेझ, ग्रेको, फर्नांडिस, टोकाई अशा जपानी गिटार या गटातल्या. तिसरी, मूळ कंपनीनेच नंतर काढलेली जुन्या मॉडेलची पुनर्निर्मिती, म्हणजे रीइश्यू. चौथी, वेगवेगळ्या सालांची बॉडी, नेक आणि पिकअप एकत्र करून जोडलेली पार्ट्स बेस. पाचवी बनावट, म्हणजे जिच्यावर नाव एकाचं आणि काम भलत्याचंच.

कॉपी आणि बनावट यांची गल्लत करू नका. स्वतःच्या नावाने विकलेली जपानी कॉपी हे प्रामाणिक वाद्य आहे, आणि त्यातली काही फारच चांगली आहेत. ग्रेकोच्या अनेक गिटार फुजिजेनच्या कारखान्यात बनत. १९८२ मध्ये फेंडरने जपानमध्ये उत्पादन सुरू केलं तेही तिथेच. त्याच ग्रेकोवरचं नाव खरवडून फेंडरचं डिकॅल चिकटवलं, की ती बनावट झाली. चांगलं वाद्य आणि खोटं नाव, अशी जोडी बाजारात बरीच सापडते.

पार्ट्स बेसही वाईट नसते. वाजवण्यासाठीच हवी असेल तर ती उत्तम सौदा ठरू शकते, मात्र किंमत पार्ट्स बेसचीच हवी.

तपासा: तुम्हाला वाजवायला हवी आहे की संग्रहाला? हे एका वाक्यात लिहून ठेवा. वाजवायला हवी असेल तर आठवा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. संग्रहाला हवी असेल तर चौथा आणि पाचवा.

## २. जाहिरातीतले शब्द नीट वाचा

'लॉसूट' (म्हणजे खटला) हा शब्द दिसला की लगेच किंमत वाढवून धरू नका. खटला एकच झाला. जून १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने इबानेझचा अमेरिकेतला वितरक एल्गर याच्यावर फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. मुद्दा हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या ट्यूनर असलेल्या टोकाच्या, आकाराचा होता आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. फेंडरच्या आकाराच्या बेसशी त्याचा संबंध नव्हता. तरीही कुठल्याही कारखान्याच्या, कुठल्याही नावाच्या सत्तरीतल्या जपानी कॉपीला विक्रेते हा शब्द लावतात. त्यावरून 'साधारण सत्तरीतली जपानी कॉपी, असं विक्रेत्याचं म्हणणं आहे' एवढंच समजा.

'सगळं ओरिजिनल' याचा अर्थ विचारून घ्या. पॉट, पिकअप, ट्यूनर, ब्रिज, नट (हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती पट्टी), फ्रेट आणि रंग यांपैकी नेमकं काय मूळचं आहे, हे एकेक करून लिहून द्यायला सांगा. 'माझ्या माहितीनुसार ओरिजिनल' असं उत्तर आलं तर माहिती काय आणि कुठून आली, ते विचारा. 'मला गिटारमधलं काही कळत नाही, घरात पडून होती' हे वाक्य खरं असू शकतं. पण त्याच विक्रेत्याकडे आणखी दहा गिटार विकायला असतील, तर ते खरं नाही.

मासिकांत, संग्राहकांमध्ये आणि जुन्या कॅटलॉगमध्ये त्या मॉडेलचे खात्रीचे फोटो मिळतात. विक्रेत्याला पहिला निरोप पाठवण्याआधी ते जमवून ठेवा. तुलनेला काहीच नसेल तर पुढच्या सगळ्या फोटोंचा उपयोग नाही.

## ३. फोटो मागवा, आणि नेमके मागवा

'अजून फोटो पाठवा' म्हटलं की समोरून त्याच चार फोटोंचे निराळे कोन येतात. यादीच द्या:

- पूर्ण गिटार, समोरून आणि मागून, दिवसाच्या उजेडात
- हेडस्टॉक दोन्ही बाजूंनी, लोगोचा क्लोजअप
- नेकप्लेट किंवा नेकचा सांधा
- नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत टेप लावलेला फोटो
- ट्रस रॉडच्या (नेकचा वाक सावरणाऱ्या आतल्या सळीच्या) फिरवायच्या नटचा क्लोजअप
- ब्रिजकडून नेकच्या दोन्ही कडांवरून पाहिलेला फोटो
- पिकगार्ड किंवा कंट्रोल प्लेट उचलून आतल्या पॉटच्या पाठी, वायर आणि सोल्डर
- नेक काढता येत असेल तर नेकची टाच (बॉडीत बसणारं टोक) आणि बॉडीतली खाच

यातल्या एका फोटोत आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी गिटारवर ठेवायला सांगा. शिवाय जाहिरातीतले फोटो उलट शोधून पाहा, म्हणजे फोटो टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते पाहा. तेच फोटो जुन्या, विकल्या गेलेल्या जाहिरातीत सापडले तर तिथेच थांबा.

नेक काढायला विक्रेता कचरत असेल तर त्याच्यावर दबाव टाकू नका. अनुभव नसलेल्या माणसाने घाईत स्क्रू फिरवले तर लाकडातले आटे जातात आणि नुकसान त्या गिटारचंच होतं. जवळच्या दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन फोटो काढायला सांगा आणि त्याचा खर्च द्यायची तयारी दाखवा. मोठ्या रकमेच्या व्यवहारात हा खर्च किरकोळ असतो.

थांबा: चिठ्ठीचा फोटो द्यायला नकार आला, तर पुढचा एकही टप्पा करू नका.

## ४. बांधणी: खोटं बोलणं सर्वांत अवघड इथे

सुरुवात मापाने करा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की स्केल, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, मिळते. फेंडर प्रिसिजन आणि जॅझ बेसचं स्केल ३४ इंच, म्हणजे बारावा फ्रेट साधारण ४३.२ सेंटिमीटरवर. रिकनबॅकर ४००१ चं ३३.२५ इंच. गिब्सन ईबी-० आणि साठच्या दशकातल्या ईबी-३ चं ३०.५ इंच. कित्येक स्वस्त कॉप्या दिसायला प्रिसिजनसारख्या असून स्केल ३० किंवा ३२ इंचांचं असतं. टेप लावलेला एक फोटो अशी गिटार लगेच उघडी पाडतो.

मग सांधा पाहा. रिकनबॅकर ४००१ ची नेक बॉडीच्या आरपार जाते. मागे नेकप्लेट आणि चार स्क्रू दिसले तर ती ४००१ नाही. ट्रस रॉडचं झाकण काढलेला फोटोही मागा. रिकनबॅकरमध्ये दोन रॉड शेजारी शेजारी दिसतात, बहुतेक कॉप्यांमध्ये एकच. झाकणावर काय छापलं आहे याकडे तेवढ्यापुरतं दुर्लक्ष करा. ते झाकण दोन-तीन स्क्रूंवर बसतं आणि नकली झाकणं मिळतात. व्हायोलिनच्या आकाराच्या हॉफनर ५००/१ चंही तसंच. जुन्या जर्मन गिटारची नेक चिकटवलेली असते. स्क्रूंनी बसवलेली असेल तर बहुधा जपानी कॉपी आहे.

फेंडरच्या बाबतीत सालानुसार बदललेल्या गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळायला हव्यात. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासूनचा. त्याआधीच्या प्रिसिजनवर एकच सरळ पिकअप असे. जॅझ बेस १९६० मध्ये आली तेव्हा तिच्यावर एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते. तीन वेगळे नॉब १९६२ च्या सुमारास आले. जॅझच्या फ्रेटबोर्डवरच्या चौकोनी खुणा १९६६ च्या आसपासच्या, त्याआधी गोल ठिपके. सत्तरीच्या मध्यापासून जॅझ बेसची नेक तीन स्क्रूंवर बसू लागली आणि ट्रस रॉडचा गोळीच्या आकाराचा नट हेडस्टॉकवर आला. प्रिसिजनला त्या काळातही चारच स्क्रू राहिले. म्हणजे '१९६४ ची जॅझ' म्हणून विकायला ठेवलेल्या बेसवर चौकोनी खुणा आणि तीन स्क्रू असतील, तर नंबर पाहण्याचीही गरज नाही.

आता भोकं पाहा, माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा तोच. जुन्या फेंडर बेसवर बोटं टेकवायची पट्टी बारीक तारेच्या बाजूला असे आणि १९७४ च्या सुमारास ती जाड तारेच्या बाजूला गेली. पट्टी हरवलेली असली तरी तिच्या स्क्रूंची भोकं राहतात. पिकअप आणि ब्रिजवर क्रोमची झाकणं येत, त्यांचीही भोकं राहतात. साठच्या दशकातली म्हणून सांगितलेल्या बॉडीवर ही भोकं कुठेच नसतील तर एकतर ती बुजवून गिटार पुन्हा रंगवली आहे, किंवा बॉडी त्या काळातली नाही. उलट ब्रिजच्या खालून जादा भोकं डोकावत असतील तर ब्रिज बदललेला आहे.

जपानी कॉप्यांमध्ये पिकअपच्या खाचेत डोकवा. तिथे प्लायवूडचे थर दिसतात का? सत्तरीच्या सुरुवातीच्या बऱ्याच कॉप्यांची बॉडी अशा थरांची असे, वरून सुंदर लाकडाचा पातळ पापुद्रा लावलेला. नेकप्लेटवर 'स्टील अॅडजस्टेबल नेक' असं कोरलेलं असेल तर ती जपानी असण्याची शक्यता खूप, पण त्यावरून कंपनी ठरत नाही. एकाच कारखान्याची गिटार अनेक आयातदारांच्या नावांनी जात असे. हेडस्टॉकवरचं अनोळखी नाव शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा ट्यूनर, ब्रिज, नेकप्लेट आणि पिकअपची पाठ ओळखीच्या गिटारशी ताडून पाहणं जास्त उपयोगी.

## ५. आतलं काम: पॉट, वायर, सोल्डर

अमेरिकन गिटारमधल्या पॉटच्या पाठीवर किंवा कडेवर अंक असतात. पहिले तीन अंक पॉट बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढे साल आणि शेवटचे दोन अंक आठवड्याचे. उदाहरणार्थ ३०४६३२० म्हणजे स्टॅकपोल, १९६३, विसावा आठवडा. पन्नाशीतल्या पॉटवर सालाचा एकच अंक असतो, म्हणून तिथे एकूण सहा अंक दिसतात.

हा कोड वाचताना एक चूक सर्रास होते. पॉटची तारीख ही गिटारची तारीख नव्हे. गिटार त्या आठवड्याच्या आधी बनलेली असू शकत नाही, एवढंच ती सांगते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला आणि तो पुढची दोन-तीन वर्षं वापरला, त्यामुळे १९६८-६९ च्या गिटारमध्ये १९६६ चे पॉट असणं अगदी स्वाभाविक आहे. गिटार १९६५ ची आणि पॉट १९७२ चे असतील, तर मात्र पॉट बदलले आहेत किंवा साल चुकीचं आहे.

सोल्डर पाहा. जुना सोल्डर निस्तेज, करडा दिसतो. एकाच पॉटवर चकचकीत आणि निस्तेज असे दोन थर असतील तर तिथे नंतर हात लागला आहे. साठीच्या बऱ्याच काळापर्यंत फेंडरमध्ये कापडी वेष्टणाची वायर असे, नंतर प्लॅस्टिकची आली. जपानी कॉप्यांमध्ये पॉट बहुतेकदा आकाराने लहान असतात. मोठ्या अमेरिकन पॉटच्या जागी लहान पॉट दिसले, की हेडस्टॉकवरच्या नावाकडे संशयाने पाहा.

नेकच्या टाचेवर साठच्या दशकात रबरी शिक्का असे: एक अंक, महिना, साल आणि शेवटी एक अक्षर. समजा '७ मार्च ६४ बी' असं दिसलं. इथला ७ ही तारीख नव्हे, तो मॉडेलचा क्रमांक आहे. जॅझ बेसचा ७, प्रिसिजनचा ५. शेवटचं अक्षर नटजवळच्या रुंदीचं: ए सर्वांत अरुंद, दीड इंचाची, सी पावणेदोन इंचाची. '१९६४ ची प्रिसिजन' म्हणून आलेल्या बेसच्या टाचेवर सुरुवातीला ७ असेल, तर नेक जॅझची आहे आणि तुमच्यासमोर पार्ट्स बेस आहे. शिक्का कधी कधी पुसलेला किंवा मुळातच नसतो. तेवढ्यावरून गिटार बाद करू नका, बाकीच्या पुराव्यांचं वजन वाढवा.

तपासा: नेक, पॉट आणि बॉडी यांची सालं कागदावर एकाखाली एक लिहा. पॉट आणि नेक यांच्यात काही महिन्यांचा फरक चालतो. कित्येक वर्षांचा असेल तर त्याचं कारण सापडायलाच हवं.

## ६. नंबर आता वाचा

तिन्ही सालं हातात आल्यावर नंबर त्यांना दुजोरा देतो की नाही, इतकंच पाहायचं.

फेंडरमध्ये १९७६ पर्यंत नंबर नेकप्लेटवर, नंतर हेडस्टॉकवर. नंबराच्या सुरुवातीला एस म्हणजे सत्तरचं दशक आणि पुढचा अंक वर्षाचा, ई म्हणजे ऐंशीचं, एन म्हणजे नव्वदचं. अक्षरं पुढच्या वर्षांतही वापरली गेली, म्हणून एस९ ने सुरू होणारी गिटार ऐंशीच्या सुरुवातीची असू शकते. नेकप्लेटवर व्ही आणि पुढे अंक असतील तर ती १९८२ पासूनची अमेरिकन रीइश्यू आहे. तिला 'साठीतली' म्हणणारा विक्रेता चुकतोय किंवा फसवतोय. जेव्ही म्हणजे १९८२ ते ८४ ची जपानी. ई मात्र दोन ठिकाणी येतो. हेडस्टॉकवर असेल तर अमेरिकन, नेकच्या मागे टाचेजवळ 'मेड इन जपान' सोबत असेल तर १९८४ ते ८७ ची जपानी.

इबानेझवर १९७५ पासून एक अक्षर आणि अंक येतात: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं एल म्हणजे डिसेंबरपर्यंत, आणि पुढचे दोन अंक सालाचे. सी७७ म्हणजे मार्च १९७७. त्याआधीच्या इबानेझवर नंबर नसतो, म्हणून नंबर नाही एवढ्यावरून शंका घेऊ नका.

रिकनबॅकरच्या जॅकप्लेटवर १९६१ ते १९८६ दोन अक्षरं असतात. पहिलं सालाचं, ए म्हणजे १९६१ आणि झेड म्हणजे १९८६, दुसरं महिन्याचं.

गिब्सनच्या साठीतल्या नंबरांवर विसंबू नका, तेच आकडे पुन्हा पुन्हा वापरले गेले आहेत. त्यापेक्षा हेडस्टॉकच्या मागे 'मेड इन यूएसए' दाबून उमटवलं आहे का ते पाहा. तो शिक्का १९७० पासूनचा आहे. तो असलेली ईबी-० साठीतली नाही.

## ७. रंग आणि 'रेलिक' (मुद्दाम जुनी दिसावी अशी केलेली झीज)

जुना नायट्रो लॅकर (त्या काळी गिटारवर मारत तो लेप) अतिनील दिव्याखाली पिवळसर-हिरवट झळकतो आणि नंतर मारलेला रंग वेगळा, बहुधा गडद दिसतो. विक्रेत्याकडे असा दिवा असेल तर अंधारातला एक फोटो मागा. फेंडर साठीच्या अखेरीस जाड पॉलिएस्टरकडे वळली, म्हणून सत्तरीच्या बेसवर ही खूण लागू पडत नाही.

झीज कुठे झाली आहे तेही पाहा. हात टेकतो तिथे, पट्टा घासतो तिथे, बक्कल लागते तिथे लाकूड उघडं पडतं. कोपरे आणि कडा एकसारख्या घासलेल्या असतील आणि स्क्रूंची डोकी मात्र नवी कोरी, तर झीज मुद्दाम केलेली आहे.

## ८. वाजेल का?

इथे विक्रेत्याला तीन प्रश्न लिहून विचारा. ट्रस रॉड दोन्हीकडे फिरतो का, आणि घट्ट व्हायला अजून वाव आहे का? बाराव्या फ्रेटवर जाड तार किती मिलिमीटर वर आहे? कुठल्या फ्रेटवर तार मरते किंवा खरखरते का?

ब्रिजकडून काढलेल्या फोटोत नेकच्या दोन्ही कडा एकाच लयीत वाकलेल्या दिसायला हव्यात. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेकला पीळ आहे. स्क्रूंनी बसवलेल्या नेकवर निदान ती बदलण्याचा मार्ग असतो. आरपार किंवा चिकटवलेल्या नेकचा पीळ ही महागडी दुरुस्ती आहे आणि ती नेहमी जमतेच असं नाही. गिब्सनच्या ईबी आणि थंडरबर्डमध्ये हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, म्हणून नटच्या मागे बारीक चीर किंवा चिकटवल्याची रेघ आहे का, ते वरून आणि बाजूने असं दोन्हीकडून पाहा.

## ९. किंमत आणि पैसे

मागितलेल्या किंमती पाहू नका, विकल्या गेलेल्या किंमती पाहा. रिव्हर्ब (वाद्यांच्या खरेदी-विक्रीची साइट) आणि ईबे या दोन्हींवर त्या शोधता येतात. मग वजावट करा: पुन्हा रंगवलेली जुनी गिटार साधारण निम्म्यावर येते असा संग्राहकांचा ठोकताळा आहे. बदललेले पिकअप, बदललेले ट्यूनर, जादा भोकं यांची वजावट वेगळी.

विक्रेत्याच्या मजकुरात न सापडलेली प्रत्येक गोष्ट लेखी उत्तरात घ्या: साल, मूळ भाग, दुरुस्त्या, परत करण्याची अट. खरेदीदाराला संरक्षण असलेल्या मार्गानेच पैसे द्या. 'मित्राला पाठवतोय' अशा पर्यायातून किंवा साइटच्या बाहेर थेट खात्यात पैसे द्यायला सांगितलं, तर सवलत कितीही असो, सौदा सोडा.

## १०. पाठवणी आणि पेटी उघडणं

गिटार देशाबाहेरून येणार असेल तर फ्रेटबोर्डचं लाकूड विचारा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या (CITES, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याला परवाने लागतात. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण ब्राझिलियनला नाही. जुन्या गिटारवर हे लाकूड असू शकतं, आणि कागद नसतील तर माल सीमेवर अडकतो.

तारा थोड्या सैल करायला सांगा, पूर्ण काढायला नको. हेडस्टॉकच्या खाली आणि भोवती केसच्या आत भरण हवी, कारण प्रवासात मोडतो तो तोच भाग.

पेटी आल्यावर ती न उघडता काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उघडताना व्हिडिओ काढा, पेटीच्या बाहेरच्या स्थितीपासून. त्याच दिवशी चौथ्या आणि पाचव्या टप्प्यातले फोटो पुन्हा स्वतः काढा आणि विक्रेत्याच्या फोटोंशी एकेक ताडून पाहा: भोकं, पॉटचे अंक, सोल्डर, टाचेवरचा शिक्का. काही जुळत नसेल तर ट्रस रॉड फिरवू नका, तारा बदलू नका, काहीही दुरुस्त करू नका. गिटार जशी आली तशी ठेवून परतीची मुदत संपण्याआधी, साइटवरूनच, फोटोंसह तक्रार नोंदवा.